चारची गोळी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याच्या बाबतीत घडलं त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — बहुतेक तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखणारे म्हणतात, हा माणूस मोजून बोलतो. बरोबर आहे. बत्तीस वर्षं मी मरोळच्या एका कारखान्यात मापाची यंत्रं तपासतोय. मायक्रोमीटर, गेज, व्हर्नियर — ती खरं मोजतात की नाही हे मोजणं, नोंद करणं आणि खाली सही करणं, एवढंच माझं काम. त्या सहीवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. घरीसुद्धा.

पण आधी मला आनंदाची गोष्ट सांगू द्या. टाळतोय असं वाटेल — थोडं टाळतोयही. पण तो आनंद कळला नाही तर पुढचं कळणार नाही.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यामुळे तीन आठवडे घरी बसलो होतो. एकदा मोबाइलचं चित्र टीव्हीवर लावलं होतं आणि मोबाइलचा कॅमेरा चुकून टीव्हीकडेच वळला. तुम्ही कधी केलंय असं? टीव्हीत टीव्ही, त्यात टीव्ही — एक बोगदा तयार होतो. मी मोबाइल किंचित तिरका केला आणि तो बोगदा वळायला लागला, शंखासारखा. आणखी तिरका केला, तर त्यातून पाकळ्या सुटल्या. कुणी काढल्या त्या? कुणीच नाही. चित्र स्वतःलाच बघत होतं आणि प्रत्येक वेळी जरासं चुकत होतं. मी तासभर तसाच उभा. गुडघा विसरून.

मग कॉम्प्युटरवर तेच करायला शिकलो. बावन्नाव्या वर्षी, पुतण्याच्या जुन्या लॅपटॉपवर. कृती साधी आहे, स्वयंपाकाच्या वहीत मावेल एवढी. आधीचं चित्र घ्यायचं. ते थोडं फिरवायचं, थोडं मोठं करायचं, थोडं धुरकट करायचं, मग कडा पुन्हा धारदार करायच्या आणि दाखवायचं. जे दिसलं तेच परत आत घालायचं. सेकंदाला तीस वेळा.

फिरवण्याचा कोन एक पूर्णांक सात अंश ठेवला तर पडदा राखाडी होऊन मरतो. एक पूर्णांक नऊ ठेवला तर नुसता उकळतो. पण मध्ये, एक पूर्णांक त्र्याऐंशीच्या आसपास — अहो, तिथे किडे होतात! आजही हे लिहिताना माझा हात भरभर चालतोय. बोटाएवढे, पांढुरके, वळवळणारे. एक जण पुढे सरकतो, थांबतो, डोकं इकडेतिकडे करतो आणि मधोमध तुटून दोन होतो. मी ‘किडा’ हा शब्द कुठेही लिहिलेला नाही. ‘चाल’ असंही लिहिलेलं नाही. चार ओळींचं गणित आणि त्यातून हे!

हे सगळ्यात आधी कळलं ते दादाला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हा मला गावाहून इथे आणलं ते त्याने, शिकवलं त्याने, आणि मरोळच्याच औद्योगिक वसाहतीत नोकरीला चिकटवलंही त्याने. तो लेथवरचा टर्नर. त्याचा हात वसाहतीत प्रसिद्ध होता — केसाच्या दहाव्या भागाएवढं कापायचं असेल तर त्यालाच बोलवायचे. लग्न केलं नाही. आता आमच्याकडेच असतो. सहा वर्षं झाली, त्याला कंपवात आहे. उजवा हात जास्त. कुणी पाहुणा आला की तो हातावर नॅपकिन टाकून बसतो.

मी त्याला किडे दाखवले. तो खुर्चीत पुढे वाकून बराच वेळ बघत राहिला. मी समजवायला लागलो तर त्याने मला गप्प केलं.

“माका काय सांगतस? हो चॅटर आसा,” तो म्हणाला. चॅटर म्हणजे लेथवर कापताना सुटणारी थरथर, आणि जॉब म्हणजे कापायला लावलेला तुकडा. “टूल आपलीच मागची रेघ परत कापता. मगे जॉब थरथरता, नि ती थरथर परत रेघेत उतारता. आमी तो बंद करूक मरत होतो. तू मेल्या मुद्दाम करतस.”

तीन महिने मी जे वाचत होतो, ते त्याने चार वाक्यांत सांगितलं. त्या दिवशी आम्ही दोघं इतके हसलो की सुनंदा, माझी बायको, बघायला आली काय झालं म्हणून.

एक अडचण मात्र होती. किडे टिकत नसत. बावीस-तेवीस मिनिटं छान चालायचं, मग सगळ्यांची एकच लय व्हायची आणि पडद्यावर नुसती घिरट्या घालणारी रांगोळी उरायची. मेलेली. त्यांना बाहेरून सतत कसला तरी धक्का हवा होता. कॉम्प्युटरकडून लहरी आकडे घेतले, तर पडद्यावर मुंग्या आल्या. पंख्याचा आवाज दिला, खिडकीखालची रहदारी दिली. छे. चार महिने. वहीची एकशे चाळीस पानं. शेवटी मोबाइल लॅपटॉपला असा जोडला, की हातातला मोबाइल कलला तर चित्राचा कोनही किंचित कलेल.

आणि तो मोबाइल मी दादाच्या हातात दिला. खरंच काही मनात नव्हतं. मला खुर्ची सरकवायची होती, म्हटलं, दादा, धर जरा.

मागे वळून बघतो तर पडदा जिवंत!

दुसरा शब्द नाही माझ्याकडे. किडे श्वास घेत होते. एक किडा चालता चालता कचरला — जसं माणूस उंबरठ्यापाशी कचरतो तसा — आणि मग निघाला. मी आकडे बघितले. दादाच्या हाताची थरथर सेकंदाला पाचच्या आसपास. पण नेमकी पाच कधीच नाही. वाढते, विरते, मध्येच अर्धा क्षण थबकते आणि परत येते. कुठलं गणित असं लिहिणार? हात हलतो, मेंदू तो सावरायला जातो, सावरताना जास्त होतं, परत सावरतो. तोही चॅटरच. चित्राला हवी होती ती लय दादाच्या मनगटात होती.

त्याला सांगितलं का? नाही. नॅपकिनखाली लपवतो तो हात. त्याला कसं सांगायचं की दादा, तुझी थरथर सुंदर आहे? हे कारण मी स्वतःला दिलं. तेव्हा ते खरंही होतं, अर्धं.

मी थरथर साठवायला लागलो. दादाला म्हटलं, डॉक्टरबाईंना हाताचं माप हवंय, रोज पंधरा मिनिटं मोबाइल धर. तो माझ्या शब्दावर बसायचा, शर्टाची बटणं नीट लावून.

आता गोळ्यांचं सांगतो. दादाला दिवसातून चार वेळा गोळी असते — आठ, बारा, चार, आठ. सुनंदा शाळेच्या ऑफिसात दुपारच्या वेळी असते, साडेबाराला जाते आणि सहाला येते. माझी पाळी साडेतीनला सुटते, कारखान्यातून घर चालत दहा मिनिटं. म्हणून चारची गोळी माझी. त्यासाठी मी वही घातली होती. रकाने आखून: गोळीची वेळ, हात, चाल, शेरा. हाताला शून्य ते चार गुण, थरथर जास्त तर गुण जास्त. दादाच्या खुर्चीशेजारी खिळ्याला दोरीने ती टांगलेली असते. दादा रोज संध्याकाळी ती मागून घेतो आणि वाचतो, पूर्वी पाळी संपताना मापं वाचायचा तशी.

गोळी लागू पडली की थरथर निम्मी होते. गोळीची वेळ भरत आली की वाढते. साहजिकच मी पावणेचार ते चार मोजायचो. त्यात काही वाईट नव्हतं. मला तिथेच थांबता आलं असतं.

एक दिवस मोजणं चार वाजून पाच मिनिटांपर्यंत लांबलं. आणि त्या पाच मिनिटांतली थरथर — ती आधीच्या सगळ्यांपेक्षा वेगळी होती. खोल होती. त्या पाच मिनिटांवर किडे दीड तास चालले. एकमेकांना ओलांडून गेले. मी आधी असं कधी बघितलं नव्हतं.

कळलं तुम्हाला?

दुसऱ्या दिवशी मी चारची गोळी चार वीसला दिली.

वहीत लिहिलं ४:००.

बत्तीस वर्षांत मी एक खोटं माप लिहिलेलं नाही. साहेब शेजारी उभे राहून दटावत असताना लिहिलेलं नाही. आणि त्या दिवशी माझा पेन अडखळलासुद्धा नाही. मन लॅपटॉपकडे होतं.

असं अकरा वेळा झालं, पाच आठवड्यांत. सगळ्यात कमी वीस मिनिटं, सगळ्यात जास्त पंचेचाळीस. एकूण तीनशे पंच्याऐंशी मिनिटं. ही बेरीज करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तेव्हाही केली होती, फाईल किती लांबीची झाली हे बघायला.

आणि दादाचं काय होत होतं त्या मिनिटांत? त्याचे पाय आखडायचे. जीभ जड व्हायची. त्याची खुर्ची घड्याळाकडे पाठ करून आहे, टीव्हीसमोर. चौथ्या का पाचव्या वेळी त्याने विचारलं, “चार वाजले काय रे?”

मी म्हटलं, “नाही दादा. अजून पाव तास आहे.”

चार वाजून पंचवीस झाले होते.

“तू सांगतस म्हणजे बरोबर,” तो म्हणाला. आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, मोबाइल पडू नये म्हणून.

डाव्या हाताने धरल्यामुळे थरथर दबली. मी — हे लिहायला मला चार दिवस लागले आहेत — मी त्याचा डावा हात हळूच बाजूला केला.

बाजूला केला आणि पडद्याकडे बघितलं. आणि मला आनंद झाला. तुमच्यापासून लपवत नाही.

मग डॉक्टरबाईंकडे जायचा दिवस आला. त्या वही चाळायला लागल्या. म्हणाल्या, तुमच्यासारखी वही माझ्याकडे कुणीही आणत नाही, मी बाकीच्यांना हिचा फोटो दाखवणार आहे. सुनंदाने अभिमानाने माझ्याकडे पाहिलं. मग बाईंनी रकान्यावर बोट ठेवलं. गोळी वेळेवर जातेय, तरी दुपारी हात तीन-चार गुणांवर? म्हणजे डोस पुरत नाही. आणि त्यांनी चारची गोळी अर्धीने वाढवली. त्यांचं काय चुकलं? माप खोटं दिलं तर मापाप्रमाणेच काम होणार. मी समोर बसलो होतो. मी वही उचलून पिशवीत घातली.

त्या दिवसापासून मी गोळी वेळेवर द्यायला लागलो. शहाणपण म्हणून नाही. मला पुरेल एवढी थरथर साठली होती.

आता वाढवलेला डोस बरोबर चारला जात होता. बारा दिवसांनी मी कामावरून आलो तर दादा भिंतीकडे बघत बसला होता. घाबरलेला नव्हता. कौतुकाने बघावं तसं.

“तुझे किडे इले बग,” तो म्हणाला. “भिंतीर.”

भिंतीवर काहीच नव्हतं. लॅपटॉप बंद होता.

तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं? डॉक्टरांना फोन केला असता. कुणीही केला असता. मी खुर्ची ओढली, त्याच्या शेजारी बसलो आणि विचारलं, कसे चालतात दादा? सरळ की वळून? तुटतात का मधून? तो बोटाने दाखवत होता आणि मी लिहून घेत होतो. अर्धा तास. ती पानं माझ्याकडे आहेत. त्याच्या डोक्यातले किडे माझ्यापेक्षा चांगले चालत होते, आणि मला — हेवा वाटला. हेवा!

सहाला सुनंदा आली. दादाने तिलाही भिंत दाखवली. ती चप्पल न काढता फोनकडे गेली. गोळी जास्त झाली की असं दिसतं, म्हणत डॉक्टरबाईंनी डोस लगेच कमी करायला सांगितलं आणि मला फोनवर घेऊन एकच प्रश्न विचारला, आधी गोळ्या ठरल्या वेळी जात होत्या ना? वहीप्रमाणे?

मी म्हटलं, “हो. वहीप्रमाणे.”

पाच दिवसांनी भिंत रिकामी झाली. दादाला थोडं वाईट वाटलं. म्हणाला, सोबत होती. पण त्या पाच दिवसांत तो एकदा किडा चुकवायला म्हणून पाय उचलून बाजूला सरकला आणि मोरीच्या उंबऱ्यावर पडला. खुब्याला मार बसला. हाड मोडलं नाही. पूर्वी तो काठी घेऊन खाली गेटपर्यंत जायचा, आरेकडे जाणाऱ्या बस मोजत बसायचा वॉचमनशेजारी. आता गेटपर्यंत जायचं तर चाकाची खुर्ची लागते.

चित्राचं काय झालं म्हणाल, तर त्याचं फार छान झालं. पवईच्या एका कॉलेजात अशा कॉम्प्युटरच्या चित्रांचं तीन दिवसांचं प्रदर्शन होतं. मी पाठवलं, त्यांनी निवडलं. दाराएवढा पडदा दिला. उशिराच्या त्या अकरा फाईली एकामागून एक लावल्या आणि किडे सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत मेले नाहीत. मुलं पडद्यावर हात ठेवून त्यांच्यामागे धावत होती. एक प्राध्यापक दोनदा परत आले. विचारत होते, बाहेरचा धक्का कुठून देता? मी म्हटलं, एक आकड्यांचा साठा आहे. शेजारी पाटी होती, माझ्याच शब्दांतली: ‘नियम माझे, बाकी सगळं चित्राने स्वतः घडवलेलं आहे. यात कुणाचाही हात नाही.’

दुसऱ्या दिवशी सुनंदा दादाला घेऊन आली. खुर्ची पडद्यासमोर लावली. हातावर नॅपकिन होता. तो बघत राहिला, मी सांगतो तुम्हाला, वीस मिनिटं तरी. मग त्याने मला खुणेने खाली वाकायला सांगितलं.

“चॅटर नाय हो,” तो म्हणाला. “हात आसा. चांगलो आसा. कोणाचो?”

मी शेजारीच गुडघ्यावर होतो. आजूबाजूला लोक होते, पण हळू बोललो असतो तर फक्त त्यालाच ऐकू गेलं असतं.

मी म्हटलं, “कुणाचा नाही दादा. आपोआप होतं.”

त्याने मान हलवली. मी सांगितलं म्हणजे बरोबर.

याला सात महिने झाले. मी नवीन चित्र केलेलं नाही, पण खोटं कशाला बोलू, जुनं अजून बघतो आणि अजून अंगावर काटा येतो. पाचव्या फाईलमध्ये सव्विसाव्या मिनिटाला एक जागा आहे. तिथे सगळे किडे एकदम थबकतात, जणू कुणी त्यांना हाक मारली, आणि मग पूर्वीपेक्षा जोराने सुटतात. बघणारे तिथे हटकून “अरे!” म्हणतात. ती जागा म्हणजे दादाने डाव्या हाताने मनगट धरलं, आणि मी तो हात काढला.

कामावर पहिल्या दिवशी दादाने मला एक गोष्ट शिकवली होती. नोंद चुकली तर खोडायची नाही, गिरवायची नाही, वर कागद चिकटवायचा नाही. चुकीच्या आकड्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी खरा आकडा लिहायचा आणि सही करायची. चूक दिसली पाहिजे, म्हणायचा, नाहीतर दुरुस्ती कसली?

आज दुपारी दादा झोपला होता तेव्हा मी खिळ्यावरची वही काढली. मागची पानं उघडली. अकरा ठिकाणी ४:०० वर एकेक रेघ मारली. शेजारी लिहिलं — ४:२०, ४:२५, ४:३०, पुन्हा ४:३०, असं ४:४५ पर्यंत. खऱ्या वेळा मला बघाव्या लागल्या नाहीत, फाईलींच्या नावांतच आहेत. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘गोळी मुद्दाम उशिरा दिली. चित्रासाठी.’ अकरा सह्या केल्या. आजच्या तारखेच्या.

गुरुवारी वही डॉक्टरबाईंकडे जाणार आहे. त्याआधी संध्याकाळी दादा ती मागून घेईल. तो बहुतेक आजचं पान वाचतो. कधीकधी मागचीही चाळतो.

वही खिळ्याला परत टांगली. चारची गोळी चारला दिली आणि तशी नोंद केली.